फरीदाच्या मंदूसचं झाकण

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळपासून तुझी शेड झाडतेय.

फरीदा, तू गेल्यापासून इथे कुणी झाडू लावलेला नाही. करवतीच्या मशीनखाली हात घालून भुसा काढला, पत्र्याच्या कडेला वाऱ्याने आणून टाकलेली वाळू काढली, मग ओलं फडकं फिरवलं, कारण कोरड्या झाडूने आपल्या माबेला वस्तीतली धूळ फक्त जागा बदलते. भुशात तुझ्या शिंपीखडूचे तुकडे निघाले आणि एक टाचणी, ती माझ्या अंगठ्यात घुसली. इतकी वर्षं ब्लाउजच्या ट्रायलला टोचलंस, अजून हौस फिटली नाही वाटतं.

आता स्टुलावर बसून हे लिहितेय. तुझे यजमान जुम्म्याच्या नमाजाला गेलेत. ते आले की आम्ही दोघं तुझ्या मंदूसचं, त्या ओमानी पेटीचं, झाकण कापणार आहोत. हो, मजीदभाई आणि मी. हसू नकोस. उद्या सकाळी तुझ्या लेकीचं सामान न्यायला पिकअप येतेय. सनाला सोहारच्या घराची किल्ली मिळाली, तिचा नवरा तिथे वाट बघतोय. झाकण आज बसलं तर पेटी पूर्ण होऊन जाईल. नाही बसलं, तर मजीदभाई सोहारच्या एखाद्या दुकानात नेऊन वर प्लायवूड ठोकून घेणार आहेत. त्यांनी मला तसं सांगितलंय, बिचाऱ्यांनी चांगल्या मनाने. पण तुझ्या त्या सांध्यांवर प्लायवूड? माझ्या देखत नाही.

कामाच्या ठिकाणी लोक अजून विचारतात, दोन बायका सुतारकामाला कशा लागल्या. मी सांगते, सुताराच्या कृपेने. तुला कपडा कापायला उंच टेबल हवं होतं, वाकून वाकून तुझी कंबर गेली होती. सुतार म्हणाला, "इन्शाल्ला संडे." तो रविवार अजून यायचाय. मी रुसैलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते, मशिनरी ज्या पाइनच्या खोक्यांतून येते ती खोकी आमच्याकडे फेकून देतात. मी परवानगी काढून एक गाडीभर फळ्या तुझ्या दारात आणून टाकल्या आणि म्हटलं, "टेबल म्हणजे चार पाय आणि एक पाठ. तू कोट शिवतेस. तो जास्त अवघड असेल."

तू फळीवरून हात फिरवलास, कापडाचा पोत बघतात तसा. "ह्याला पण उलट-सुलट हाय गो," म्हणालीस. मला तेव्हा कळलं नाही. मी करवत हातात धरून उभी होते, कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं. "घाबरतेस कशाला? लाकूड हाय, सासू नाय," म्हणालीस आणि माझ्या हातातून करवत काढून घेतलीस.

ते टेबल अजून आहे. त्याच्यावर आत्ता माझा चहा ठेवलाय. डुगडुगत नाही.

मग तुझ्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यासाठी शेल्फ केलं. माप मी घेतलं, खुणा तू केल्यास. बसवायला गेलो तर दोन्ही बाजूंनी जास्त. मी माप पुन्हा घेतलं, बरोबर होतं. तुला विचारलं, तर तू अगदी शांतपणे सांगितलंस, "मार्जिन सोडलंय मी. शिलाईत जाईल."

"फरीदा, लाकडाला शिलाई कोण मारणार?"

तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे, आणि आपण दोघी त्या शेल्फला टेकून हसत सुटलो, सना काय झालं म्हणून धावत आली. पण तुझी सवय गेली नाही. शेवटपर्यंत प्रत्येक फळीला, प्रत्येक पाटाला तू मार्जिन सोडत राहिलीस आणि खडूने दोन रेघा मारत राहिलीस, एक खरी आणि एक तुझ्या मनाच्या समाधानाची. त्या झाकणावरसुद्धा दोन रेघा आहेत. म्हणून तर आज कापायचंय.

जेवणाच्या टेबलाचं मात्र हसण्यासारखं झालं नाही. ऑगस्टमध्ये या शेडमध्ये बनवलं, हवा अशी की वाळत घातलेला टॉवेल वाळत नाही. पाठ फ्रेमला घट्ट स्क्रूने आवळली, उचलून हॉलमध्ये नेलं, जिथे एसी दिवसरात्र चालू. काही आठवड्यांनी मजीदभाईंचे पाहुणे जेवायला बसलेले असताना 'फाट्' असा आवाज झाला. मजीदभाई एसीचा कॉम्प्रेसर गेला म्हणून बाहेर पळाले. गेला होता टेबलाचा मधला जोड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तू फटीवर तळवा ठेवलास आणि बिर्याणी वाढता वाढता म्हणालीस, "तहान लागली बिचाऱ्याला. बाहेर पाणी प्यायलेलं, आत आणून वाळवलं आपण."

दुसऱ्या दिवशी टेबल उलटं करून तू सगळे स्क्रू काढलेस आणि भोकं लांबट केलीस, लाकडाला हलायला जागा राहावी म्हणून. तेव्हापासून आपला नियम झाला. लाकूड विकत आणलं की ते आधी काही आठवडे एसीत झोपवायचं, मग कापायचं. झोपवायचं म्हणजे तुमच्या पलंगाखाली. मजीदभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लोकांच्या पलंगाखाली सुटकेसा असतात. माझ्या खाली जंगल हाय. एक दिवस पालवी फुटंल."

तू म्हणायचीस, "मग सावलीत झोपा."

आपल्या इतर कामांची यादी मी देत बसत नाही, तुला माहीत आहेत. पण चौरंगाचं एकदा बोलायलाच हवं. माझ्या घरच्या गणपतीसाठी तू केलास तो. आणायला आले तर तू त्याच्यावर मांडी घालून बसलेली. "आधी मी बसून बघते. माझं वजन पेललं तर तुझ्या देवाचं काय मोठंसं?" मी आईला हे आजतागायत सांगितलेलं नाही. आरतीला सगळे देवाकडे बघत होते आणि मी चौरंगाच्या पायांकडे. काय पाय घडवले होतेस! लोकांनी विचारलं, कुठून मागवला? मी म्हटलं, मागवला नाही, केलाय, माझ्या मैत्रिणीने. एकदा सांगून पुरलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं.

आता मंदूस. सनाचं लग्न ठरलं तेव्हा तू म्हणालीस, इथल्या ओमानी घरांत मुलीला पेटी देतात तशी देणार, पण विकतची नाही. सागवान आणायला आपण वादी कबीरला गेलो. तो दुकानदार माझ्याशी बोलत होता आणि तू एकेक फळी डोळ्यासमोर धरून, एक डोळा मिटून, वाकडी म्हणून बाजूला ठेवत होतीस. त्याचं अर्धं दुकान तू नापास केलंस. शेवटी तो म्हणाला, "बाजी, आप ही निकालो," आणि चहा मागवला.

चारी कोपऱ्यांचे सांधे तू हाताने कापलेस. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवतो तसे. पटाशीने, एकेक. मी मशीनने लवकर होईल म्हटलं, तू पटाशीला धार लावायला घेतलीस. शेजारची उम्म सालिम बघायला आली, कोपऱ्यावरून नखाने फट शोधत राहिली, सापडेना. "माशाल्ला," म्हणाली, मग विचारलं, पितळी खिळे कुठे? मंदूसवर खिळ्यांची नक्षी असतेच ना.

"मिस्मार माफी," तू म्हणालीस. खिळे नाहीत. मग आत बोट दाखवून, "इधर भी माफी!"

खिळ्याशिवाय पेटी उभी आहे हे तिला कळलं तेव्हा तिने जाऊन आपल्या सुनांना बोलावून आणलं. तू ओढणीला हात पुसत उभी होतीस आणि चेहरा असा, जणू काही झालंच नाही. मला मात्र कुणालातरी बोलवावं, फोटो काढावा, असं वाटत होतं. काढला मीच. त्यात तुझे डोळे मिटलेले आहेत.

आपलं भांडण राहिलंच. मी म्हणत होते व्हार्निश, तू म्हणत होतीस जवसाचं तेल. माझं म्हणणं साधं होतं आणि अजून तेच आहे: सनाच्या घरी त्या पेटीवर कुणीतरी चहाचा ओला कप ठेवणारच, आणि तेलावर गोल डाग उठणारच. तुझं म्हणणं, "उठू दे. घर हाय ते, शोरूम नाय. डाग पडला तर पुन्हा तेल लावंल. व्हार्निश फुटलं तर काय करंल ती?" पेटीला तू तेल लावूनही टाकलंस, मी ऑफिसला गेलेली बघून. झाकणाला तरी व्हार्निश, म्हणून मी डबा आणून ठेवला. मग तू दवाखान्यात गेलीस.

तिथेसुद्धा आपण तेच बोललो. नाकात नळी आणि तू मला सांगतेस, "डबा परत कर. मी घरी आले की तेलाचा हात कसा मारायचा दाखवते." मी म्हटलं, "आधी घरी तर ये, मग बघू कुणाचं ऐकायचं." तुझं-माझं शेवटचं बोलणं हे. लोकांना वाटेल, बायकांना दुसरं काही सुचलं नाही? सुचलं होतं. डॉक्टर मजीदभाईंना काय म्हणाले ते मला ठाऊक होतं, आणि मी भांडायचं थांबवून तुझा हात धरला असता तर ते तुलाही कळलं असतं. म्हणून भांडले. तुला कळलेलंच होतं की नाही, ते मला आता कधी समजणार नाही.

तुला न्यायला आले तेव्हा मी आत बायकांमध्ये होते. तुमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. गाड्या गेल्या, मी ओट्यापाशी गेले आणि घरभर माणसांना पुरेल एवढा चहा टाकला. दुसरं काय करणार होते!

एक गोष्ट मात्र तुला तोंडावर कधी बोलले नाही. आपल्यात "बरं झालंय" ही सर्वांत मोठी शाबासकी. आता लिहून टाकते. बरं नाही, फरीदा. उत्तम. मी कारखान्यात आयुष्यभर माल तपासलाय, जर्मनीचा, जपानचा. खोट काढणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. तुझ्या पेटीत मला खोट सापडली नाही.

आणि तरी झाकण राहिलं. फळ्या जोडून तू पाठ तयार करून ठेवलीस, फक्त लांब कडेचं मार्जिन कापायचं होतं. ते मशीनचं काम, आणि मशीनचा आपला नियम पक्का: एकटीने चालू करायचं नाही. ढकलणारी तू, पलीकडून घेणारी मी. मी कधी ढकललेलं नाही. घेतानासुद्धा माझी घाई, हात आपोआप ओढायला जायचा, आणि तू ओरडायचीस, "ओढू नको गो! येईल तसं घे!" ओढलं की लाकूड तिरकं होतं, पात्यात अडकतं आणि ढकलणाऱ्याच्या पोटावर येतं. म्हणजे तुझ्या. आज माझ्या.

सना म्हणाली, मी उभी राहते. पण मशीन सुरू झालं की ती डोळे मिटते. डोळे मिटणारी घेणारी नको. मग म्हणाली, "मावशी, लीव्ह इट ना. मी त्याच्यावर कुशन ठेवीन. अम्मीने केलं आहे ना, बस." मी म्हटलं, अम्मीने पेटी केलीय, स्टूल नाही. माझ्या नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता, प्रकाशची पाठ धरलेली. परवा जेवताना मजीदभाईच म्हणाले, "सुनंदाताई, मी घेतो मागून."

"तुम्ही?"

"त्यात काय हाय? शेडची आणि हॉलची भिंत एकच. ओढू नको, ओढू नको. एवढी वर्षं ऐकतोय. पाठ झालंय माझं."

ते आले बघ. लिहिणं थांबवते.

*

संध्याकाळ. आता सगळं सांगते.

मजीदभाई नमाजाचा पांढरा कुर्ता घालूनच आले. मी म्हटलं, बदला, बाह्या पात्याजवळ नको. घड्याळ काढा. ते आत गेले आणि आधी पलंगाखालून झाकण ओढून आणलं. तू चादरीत गुंडाळून ठेवलं होतंस. इतके दिवस ते त्याच्या वर झोपत होते. चादर त्यांनीच सोडली, घडी घातली, खांद्यावर टाकली. ती मी काढून बाजूला ठेवली. मशीनपाशी खांद्यावर काही नको.

खडूच्या दोन रेघा होत्या. मी खरीवर माप लावलं. तू आणि माप जुळलात. पुन्हा लावलं, पुन्हा जुळलं.

मशीन चालू केलं. सना स्वयंपाकघराच्या दारात, कानावर हात. मी झाकणाची कड मशीनच्या सरळ पट्टीला टेकवली आणि ढकलायला लागले. फरीदा, तू कधी सांगितलं नाहीस की ढकलणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. नुसता आवाज ऐकायचा आणि हाताला काय लागतं ते बघायचं. अर्ध्यावर गेल्यावर मला लाकूड हलकं झालेलं जाणवलं. पलीकडे ते टेकलं होतं मजीदभाईंच्या हातांवर. मी ओरडले, "ओढू नका!"

"ओढत नाय! तुमी ढकला!" ते तेवढ्याच जोरात ओरडले.

आणि ओढलं नाही त्यांनी. माझ्यापेक्षा चांगलं घेतलं. पाऊल पाऊल मागे गेले, भिंतीला पाठ लागली तेव्हा थांबले, तोवर लाकूड पात्यातून सुटलं होतं. मी मशीन बंद केलं. मजीदभाईंच्या एका हातात झाकण, दुसऱ्या हातात कापलेली पट्टी, तुझं मार्जिन, कडेला खडूची रेघ असलेली.

"ही कुठं ठेवू?"

"कचऱ्यात," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि ती घेऊन घरात गेले. कचऱ्याचा डबा शेडमध्येच आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

बिजागऱ्यांच्या खाचा मी पटाशीने केल्या. दोनदा पटाशी निसटली, एकदा लाकडात, एकदा माझ्यात. तुला जे काम चहा निवायच्या आत व्हायचं त्याला मला अख्खी दुपार लागली. झाकण बसलं. उघडतं, मिटतं, मिटताना हवा दाबली जाऊन शेवटी जरा अडखळतं आणि मग अलगद टेकतं. सनाने ते इतक्या वेळा उघड-मिट केलं की मी तिला चहा करायला पाठवलं. डावीकडे केसभर फट आहे. मी कुणाला सांगितलेली नाही. तू असतीस तर सगळ्या माबेलाला सांगितलं असतंस.

झाकणाला तेल लावलं. यावरून काही समजून घेऊ नकोस. व्हार्निश उद्यापर्यंत वाळलं नसतं, एवढंच कारण आहे. चहाचा डाग पडेल तेव्हा मी सनाला सांगणार आहे की हे तुझ्या अम्मीचं डोकं.

पण तेल लावल्यावर सागाचा रंग जो वर आला तो बघत मी थोडा वेळ उभी राहिले. हे मान्य.

*

शनिवार. पिकअप सकाळी लवकर आली. चालवणारा पठाण, दाढी मेंदीने रंगवलेली, यल्ला यल्ला अशी घाई करत आला आणि गाद्या, फ्रिज, खोकी पटापट चढवली. मंदूस शेवटी, कारण ती मी दोरीने बांधू देणार नव्हते, खाली रजई घालायला लावली. त्याने ती नीट ठेवली, हात झटकले आणि मग झाकण उघडून बघितलं. मिटलं. पुन्हा उघडलं. कोपऱ्यावर बोट फिरवलं.

"बाजी, ये किस दुकान का है?"

"दुकान का नहीं है."

"मिस्त्री कौन है फिर? नंबर दे दो. मेरी बेटी की शादी है अगले साल."

सना माझ्याकडे बघायला लागली. मजीदभाई रजईचं टोक नीट करत होते, ते तसंच धरून थांबले.

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि माझा नंबर टाकून दिला. लाकूड आधी वाळवावं लागतं, वेळ लागेल, घाई असेल तर दुकानात जा, असंही सांगितलं.